सीनरी.सीएफजी सापडत नाही, आता काय करू?

गेल्या अंकात फ्लाइट सिम्युलेटरमध्ये आपल्या गावची धावपट्टी कशी उभी करायची यावर दोन पानं लिहिली होती आणि कुठे अडलं तर कळवा असं म्हटलं होतं, तर पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून बरंच काही आलं, जळगाव भुसावळपासून पार नंदुरबारपर्यंत. वाचून फार बरं वाटलं. आपल्याकडची एवढी माणसं रात्री जेवणं झाल्यावर कॉम्प्युटरवर तापी आणि सातपुडा मांडत बसतात हे मला खरंच माहीत नव्हतं. पण एकच अडचण परत परत दिसली, सॉफ्टवेअर म्हणतं अमुक फाइल सापडत नाही आणि काम तिथेच थांबतं, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. लांब पत्रं थोडी छाटली आहेत, नावं मुद्दाम दिली नाहीत.

प्रश्न (जळगाव, बँकेत नोकरी): भाऊ नमस्कार. मी एफएसएक्समध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये, जळगाव विमानतळ करू राहिलो, एअरपोर्ट डिझाइन एडिटर म्हणजे एडीई वापरून. रनवे, अ‍ॅप्रन, टर्मिनलचा ठोकळा, सगळं झालं होतं. मधी कॉम्प्युटर स्लो झाला म्हणून विंडोज नवीन टाकलं, गेम परत डिस्कवरून डी ड्राइव्हला टाकला, पण गेम न उघडता आधी एडीईच उघडलं, तर म्हणे सीनरी.सीएफजी सापडत नाही. मग पाचोऱ्याच्या मित्राने त्याच्याकडची सीनरी.सीएफजी पाठवली, ती टाकली तर गेम चालू होताना एकामागून एक एरर, ओके दाबून दाबून बोट दुखलं. आता सगळं अनइन्स्टॉल करून परत टाकू का?

उत्तर: नाही भाऊ, अनइन्स्टॉल अजिबात करू नका. तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्यात आणि दोन्ही अर्ध्या तासात सुटतील.

आधी ही फाइल म्हणजे काय ते बघा, कारण ते एकदा डोळ्यासमोर आलं की निम्मी भीती जाते. सीनरी.सीएफजी ही साधी टेक्स्ट फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात सीनरी नसते, सीनरी कुठल्या कपाटात ठेवलीय त्याचे पत्ते असतात. प्रत्येक पत्त्याचा एक तुकडा, वर चौकटी कंसात एरिया आणि त्याचा नंबर, खाली टायटल, मग लोकल म्हणजे फोल्डरचा पत्ता, मग अ‍ॅक्टिव्ह ट्रू की फॉल्स, आणि लेयर म्हणजे कुठला थर वर आणि कुठला खाली. बस एवढंच, असे शंभर सव्वाशे तुकडे एकाखाली एक.

आता तुमच्या मित्राची फाइल म्हणजे त्याच्या घरच्या कपाटांचे पत्ते. त्याने जे जे अ‍ॅडऑन, म्हणजे वरून जोडायच्या गोष्टी, टाकलेत त्यांची फोल्डरं तुमच्या डी ड्राइव्हला नाहीतच, मग सिम्युलेटर एकेक पत्त्यावर जाऊन दार वाजवतो आणि परत येऊन तुम्हाला सांगतो. एररचं वाक्य परत एकदा नीट वाचा, लोकल सीनरी डिरेक्टरी, सीनरी एरिया अमुक नंबर, नॉट फाउंड. सुरुवातीला सीनरी.सीएफजी फाइल एरर असं येतं म्हणून आपण समजतो की सीएफजी गायब आहे, पण सीएफजी सापडली, वाचली गेली, आणि तिच्यात लिहिलेलं फोल्डर मिळालं नाही असं ते वाक्य सांगतंय. या एका गैरसमजापायी लोकं चांगला चालणारा सेटअप पुसून टाकतात, म्हणून एवढं लांबण लावून सांगतोय.

आणि पहिली एरर का आली? एफएसएक्स पहिल्यांदा चालू होतो तेव्हा तो स्वतःच्या सेटिंगच्या फाइली जागेवर तयार करतो. तुम्ही त्याला उघडलंच नाही, सरळ एडीई उघडलं, मग एडीईला ती फाइल मिळणार कुठून. नवीन इन्स्टॉल केल्यावर सिम्युलेटर एकदा चालू करायचा, एखादं विमान धावपट्टीवर येऊ द्यायचं, आणि मेनूतून नीट बंद करायचा, टास्क मॅनेजरमधून मारायचा नाही. त्याशिवाय कुठलंच डिझाइनचं टूल उघडू नका.

आता करायचं काय ते सांगतो. फाइल आहे सी ड्राइव्हमध्ये, प्रोग्रामडेटा, मग मायक्रोसॉफ्ट, मग एफएसएक्स. प्रोग्रामडेटा हे फोल्डर विंडोज लपवून ठेवतं, म्हणून तुम्हाला सी ड्राइव्हमध्ये फक्त प्रोग्राम फाइल्स दिसतं आणि वाटतं की दुसरं काही नाहीच. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत हिडन आयटम्सवर टिक करा, आणि तिथेच फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर पण टिक करा. ही दुसरी टिक लोकं विसरतात आणि मग नोटपॅडमधून सेव्ह केलेली फाइल सीनरी.सीएफजी.टीएक्सटी होऊन बसते, नावाचं शेपूट लपलेलं असल्यामुळे डोळ्याला बरोबर दिसते आणि सॉफ्टवेअरला मात्र सापडत नाही.

मित्राची फाइल डिलीट करू नका, नुसतं नाव बदला, पुढे पाचोरा जोडा. मग एफएसएक्स चालू करा, तो स्वतःची कोरी सीनरी.सीएफजी बनवेल. तुमचं जळगाव जर अ‍ॅडऑन सीनरीच्या आतल्या सीनरी फोल्डरमध्ये असेल तर ते लगेच दिसेल, कारण त्या फोल्डरचा पत्ता कोऱ्या यादीत पण असतो. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलं असेल तर सेटिंग्जमध्ये सीनरी लायब्ररी, तिथे अ‍ॅड एरिया. निवडायचं ते बाहेरचं फोल्डर, ज्याच्या पोटात सीनरी नावाचं फोल्डर आहे, आतलं नाही. आणि इथे एक गंमत आहे जी कुठल्या पुस्तकात सापडत नाही, नव्या विंडोजवर ओके दाबलं की ती खिडकी तशीच राहते, काही झालंच नाही असं वाटतं, तेव्हा त्याच खिडकीतल्या मोकळ्या पांढऱ्या जागेवर एकदा क्लिक करा, की एरिया यादीत येतो. माझ्या ओळखीच्या दोघांनी या एका क्लिकपायी सीनरी बनवणं सोडून दिलं होतं.

आणि भाऊ, हे काम पूर्ण कराच. एफएसएक्स २००६ चा, आपल्या विमानतळाचं उद्घाटन प्रतिभाताईंच्या हस्ते २३ मार्च २०१२ चं, तर कुसुंब्याजवळ आज जे टर्मिनल उभं आहे ते त्या डिस्कमध्ये असणं शक्यच नाही. ते तुम्ही केलं तरच होणार. विमानतळाचा व्हीएजेएल हा कोड टाकून ठेवा आणि झाल्यावर फोटो पाठवा.

प्रश्न (चोपडा, मोबाइल दुकान): मित्राच्या हार्डडिस्कवरून एफएसएक्सचं अख्खं फोल्डर कॉपी केलं, साठ जीबी. सगळ्या फाइली आहेत, मी स्वतः पाहिल्या, तरी डिझाइनवाला कुठलाच प्रोग्राम म्हणत नाही की गेम इथे आहे. असं कसं?

उत्तर: फाइली आल्या, नोंद नाही आली. इन्स्टॉलर फाइली ठेवतो आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद पण करतो की एफएसएक्स अमुक ठिकाणी आहे. सातबाऱ्यावर नाव चढल्यासारखं समजा, जमीन तुमच्या ताब्यात असली तरी तलाठ्याकडे नोंद नाही तर कागदोपत्री ती तुमची नाही. डिझाइनची टूल ती नोंद वाचतात, मायक्रोसॉफ्ट गेम्स, फ्लाइट सिम्युलेटर, १०.० या नावाखाली सेटअपपाथ म्हणून असते, ६४ बिट विंडोजवर ती वाव६४३२नोड या फांदीत जाते. कॉपीने ती येत नाही. रजिस्ट्री हाताने भरायच्या भानगडीत पडू नका, स्वतःची डिस्क किंवा स्टीमवरची स्वतःची आवृत्ती घ्या आणि रीतसर इन्स्टॉल करा. पुढे शंभर तास काम करणार ना यावर, मग पाया स्वतःचा असू द्या.

प्रश्न (शिरपूर, डिप्लोमा दुसरं वर्ष): सर, मी शिरपूरची धावपट्टी एक्सएमएलमध्ये हाताने लिहिली. बीजीएलकॉम्प या कंपायलरवर फाइल ओढून टाकली की काळी खिडकी येते आणि लगेच जाते, बीजीएल म्हणजे सिम्युलेटर वाचतो ती सीनरीची फाइल बनतच नाही. एकदा घाईघाईने फोटो काढला त्यात एक्सएसडी असं काहीतरी दिसलं. नेटवरून एक्सएसडी डाउनलोड करू का?

उत्तर: हाताने एक्सएमएल लिहिलंस, शाब्बास. आजकाल एवढी मेहनत कोणी घेत नाही आणि त्यातूनच माणूस शिकतो. डाउनलोड नको करू, आधी ती खिडकी थांबवू म्हणजे ती काय बोलते ते ऐकू येईल.

ज्या फोल्डरमध्ये बीजीएलकॉम्प आहे ते उघड, वरच्या पत्त्याच्या पट्टीत क्लिक कर, तिथलं सगळं पुसून इंग्रजीत सीएमडी लिही आणि एंटर मार. काळी खिडकी त्याच फोल्डरात उघडेल आणि उघडी राहील. आता बीजीएलकॉम्प, एक स्पेस, तुझ्या फाइलचं नाव, एंटर. जो मजकूर येईल तो सावकाश वाच, कुठल्या ओळीत अडलं तेही त्यात येतं.

आता एक्सएसडीचं. तुझ्या एक्सएमएलच्या वरच्याच टॅगमध्ये, जिथे एफएसडेटा लिहिलंय, तिथे शेवटी बीजीएलकॉम्प.एक्सएसडी हे नाव असतं. ती फाइल म्हणजे कंपायलरचं व्याकरणाचं पुस्तक, धावपट्टीला काय काय सांगायलाच पाहिजे, कुठला शब्द चालतो कुठला नाही, ते सगळं त्यात. कंपायलरला ते पुस्तक मिळालं नाही की तो तुझी एक ओळ पण तपासू शकत नाही. आता बहुतेक काय झालं असेल ते सांगतो, तू बीजीएलकॉम्प.ईएक्सई एकटीच उचलून डेस्कटॉपवर किंवा दुसरीकडे नेली असशील, आणि एक्सएसडी मागे राहिली. सोपा उपाय, डी ड्राइव्हला एक साधं फोल्डर बनव, नावात स्पेस नको, त्यात तिघांना एकत्र ठेव, ईएक्सई, एक्सएसडी आणि तुझी एक्सएमएल. मूळ फाइली हलवू नको, कॉपी घे.

मूळ फाइली कुठे असतात? एसडीकेच्या, म्हणजे सिम्युलेटरच्या डिझाइन टूलच्या संचाच्या, आत एन्व्हायर्न्मेंट किट, त्यात बीजीएल कंपायलर एसडीके. ते फोल्डरच नसेल तर एसडीकेच टाकलेलं नाही असं समज. एफएसएक्सची एसडीके फक्त डिलक्स आवृत्तीच्या डिस्कवर आली होती, स्टँडर्डमध्ये नव्हती, आणि डिलक्समध्ये पण गेम टाकला म्हणजे एसडीके आपोआप येत नाही, डिस्कवरच्या एसडीके फोल्डरातला सेटअप वेगळा चालवावा लागतो. त्यानंतर तिचे सर्व्हिस पॅक क्रमाने, आधी पहिल्याचा मग दुसऱ्याचा. दुसऱ्या आवृत्तीची एक्सएसडी नेटवरून आणून बसवली तर व्याकरण एका इयत्तेचं आणि मास्तर दुसऱ्या इयत्तेचा असं होतं, नको तिथे चुका दाखवतो.

आणि अ‍ॅन्टिव्हायरसची क्वारंटाइन यादी पण एकदा उघडून बघ. अशी जुनी, सही नसलेली छोटी ईएक्सई काही अ‍ॅन्टिव्हायरस गुपचूप उचलून नेतात आणि आपण फोल्डरात शोधत बसतो.

प्रश्न (भुसावळ, रेल्वेतून निवृत्त): मी आमचं भुसावळ यार्ड आणि दीपनगर वीजकेंद्राच्या चिमण्या मांडतोय, नोकरीभर जे पाहिलं ते नातवाला वरून दाखवायचं आहे. परवा काम चालू असताना लाइट गेली. आता एफएसएक्स.सीएफजी आणि सीनरी.सीएफजी दोन्ही जागेवर दिसतात, पण उघडल्या तर कोऱ्या. सॉफ्टवेअर म्हणतं फाइल नाही. फाइल तर समोर दिसते आहे.

उत्तर: काका, तुमचं पत्र वाचून थांबलोच थोडा. चिमण्या वाया गेलेल्या नाहीत, आधी हे सांगतो. मॉडेल आणि बीजीएल या वेगळ्या फाइली, त्या सीएफजीमध्ये नसतात.

विंडोज फाइल लिहिताना आधी नाव आणि जागा राखून ठेवतं, मजकूर नंतर पोचतो. मधल्या क्षणी लाइट गेली तर नाव राहतं, कधीकधी साइज पण राहते, पण आत काही नसतं. म्हणून फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये साइज बघून भागत नाही, नोटपॅडमध्ये उघडूनच बघावी लागते, तुम्ही तेच केलं ते बरोबर.

दोन फाइलींचा इलाज वेगळा आहे. एफएसएक्स.सीएफजीचं नाव बदला आणि सिम्युलेटर चालू करा, तो नवीन बनवेल. ग्राफिक्सची सेटिंग परत लावावी लागतील आणि अ‍ॅडऑन चालू करू का असं एकेकदा परत विचारेल, तेवढंच. जॉयस्टिकची बटणं जाणार नाहीत कारण ती कंट्रोल्स नावाच्या फोल्डरात वेगळ्या फाइलीत असतात. ही एफएसएक्स.सीएफजी मात्र प्रोग्रामडेटात नसते बरं का, ती तुमच्या नावाच्या अ‍ॅपडेटामध्ये, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, एफएसएक्स इथे असते. दोन भावंडं दोन गावाला राहतात, त्यामुळे शोधताना गोंधळ होतो.

सीनरी.सीएफजीला घाई करू नका. मी २०१४ साली घाई केली होती, कोरी यादी बनू दिली आणि जुनीवर तीच सेव्ह केली, सगळे पत्ते आणि थरांचा क्रम आठवून आठवून भरण्यात दिवाळीची सुट्टी गेली आणि तरी तापीचं पाणी दोन ठिकाणी जमिनीखाली राहिलं. म्हणून आधी त्याच फोल्डरात बघा, बऱ्याच अ‍ॅडऑनचे इन्स्टॉलर बदल करायच्या आधी तिथेच जुनी कॉपी ठेवून जातात, नावात बॅक किंवा तारीख असते. ती मिळाली तर तिची एक कॉपी करा, तिला सीनरी.सीएफजी नाव द्या, झालं. नाही मिळाली तर फोल्डरवर राइट क्लिक करून रिस्टोअर प्रीव्हियस व्हर्जन्स बघा, रिस्टोअर पॉइंट चालू असेल तर नशीब. तेही नसेल तरच कोरी यादी बनू द्या आणि तुमचे एरिया एकेक करून जोडा.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. साध्या मोडवर बॅटरीवर यायला जो क्षणभर वेळ लागतो तेवढ्यात डेस्कटॉप बंद पडून परत चालू होतो, पंखा मात्र फिरतच राहतो, त्यामुळे आपल्याला वाटतं लाइट गेलीच नव्हती. आणि दोन्ही सीएफजी दर रविवारी पेनड्राइव्हवर. काही केबी तर आहेत.

प्रश्न (धुळे, गृहिणी): माझ्या मुलाने पांझरा आणि लळिंगचा किल्ला करायला घेतलाय. नवीन लॅपटॉप घेताना मी हौसेने विंडोजचं खातं मराठीत, देवनागरीत नाव टाकून बनवलं. आता त्याचं सॉफ्टवेअर म्हणतं सेटिंगची फाइल सापडत नाही आणि पत्त्यात नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. माझ्यामुळे बिघडलं का?

उत्तर: ताई, तुमची काहीच चूक नाही, आपल्या लिपीत नाव टाकणं यात चूक काय. अडचण जुन्या सॉफ्टवेअरची आहे. विंडोज स्वतः युनिकोडवर चालतं, त्याला देवनागरी व्यवस्थित कळते. पण त्या काळातले बरेच छोटे प्रोग्राम जुन्या पद्धतीच्या कोडपेजवर लिहिलेले आहेत, आणि देवनागरीला तसं कोडपेज विंडोजमध्ये दिलेलंच नाही, ती फक्त युनिकोडमध्ये आहे. मग तुमच्या नावाचं प्रत्येक अक्षर त्या प्रोग्रामला प्रश्नचिन्ह दिसतं, आणि प्रश्नचिन्हाच्या नावाचं फोल्डर कुठे असणार. अ‍ॅपडेटा तुमच्या नावाच्या फोल्डराच्या आतच असल्यामुळे सगळ्या सेटिंग फाइली त्याच्या आवाक्याबाहेर जातात.

सेटिंगमध्ये जाऊन नुसतं नाव बदललं तर भागणार नाही, फोल्डरचं नाव खातं बनतं त्या दिवशी ठरतं आणि मग तेच राहतं. मुलासाठी एक नवीन खातं बनवा, इंग्रजी अक्षरात, छोटं, स्पेस नको, आणि सिम्युलेटरचं काम त्या खात्यातून. तुमचं मराठी खातं तसंच राहू द्या. त्याला एवढंच सांगा की सीनरीची फोल्डरं आणि फाइलींची नावं इंग्रजी अक्षरात ठेव, लळिंग पण.

आणखी एक, लॅपटॉप नवीन आहे म्हणता तर वनड्राइव्हचा बॅकअप चालू आहे का बघा. तो चालू असेल तर डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हच्या आत जातं, पत्ता बदलतो, आणि ज्या फाइलींवर ढगाचं चिन्ह दिसतं त्या नेट नसताना उघडत नाहीत. प्रोजेक्ट डी ड्राइव्हला किंवा वेगळ्या फोल्डरात ठेवलेला बरा.

प्रश्न (अमळनेर, शिक्षक): एका जुन्या टूलने टेरेन.सीएफजीमध्ये, म्हणजे जमीन आणि पाणी कसं दाखवायचं त्या फाइलमध्ये, बदल केला. टूलमध्ये उघडली तर बदल दिसतो, नोटपॅडमध्ये उघडली तर जुनीच. एकाच पत्त्यावर दोन फाइली कशा?

उत्तर: सर, पत्ता एक दिसतो पण फाइली खरंच दोन आहेत. व्हिस्टापासून विंडोज प्रोग्राम फाइल्समध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या परवानगीशिवाय कोणालाही लिहू देत नाही. जुना ३२ बिट प्रोग्राम तिथे लिहायला गेला की त्याला नाही न म्हणता विंडोज ते लिखाण गुपचूप दुसरीकडे वळवतं, तुमच्या नावाच्या अ‍ॅपडेटामध्ये, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर. त्या टूलला तीच कॉपी दाखवतं, नोटपॅडला खरी. व्हर्च्युअलस्टोअर उघडा, आत प्रोग्राम फाइल्सची प्रतिकृतीच सापडेल. तिथली टेरेन.सीएफजी बाजूला घ्या, खरीचा बॅकअप घ्या, दोन्ही शेजारी ठेवून बदल बघा आणि मग योग्य ती जागेवर ठेवा, व्हर्च्युअलस्टोअरमधली काढून टाका. पुढच्या वेळी सिम्युलेटर टाकताना प्रोग्राम फाइल्समध्ये टाकूच नका, डी ड्राइव्हला साधं फोल्डर करा, हा त्रास मुळातच राहत नाही.

प्रश्न (नंदुरबार, नाव नको): माझ्याकडे २०२० चा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आहे. तोरणमाळचं तळं आणि आजूबाजूची घरं केली, कम्युनिटी म्हणजे अ‍ॅडऑन ठेवायच्या फोल्डरात टाकली, काहीच दिसत नाही. यात सीनरी.सीएफजी कुठे असते? सगळीकडे शोधली.

उत्तर: शोधू नका, यात तसली सीनरी.सीएफजी नसते. पद्धतच बदलली. इथे प्रत्येक पॅकेज आपला हिशोब स्वतःजवळ ठेवतं, मॅनिफेस्ट.जेसन आणि लेआउट.जेसन या दोन फाइलींमध्ये.

तुमच्याकडे दोनपैकी एक झालं असेल. एक म्हणजे तुम्ही अख्खा प्रोजेक्ट कम्युनिटीत टाकला, ज्यात पॅकेजडेफिनिशन्स आणि पॅकेजसोर्सेस दिसतात. तो कच्चा माल आहे. डेव्हलपर मोडमध्ये प्रोजेक्ट उघडून बिल्ड केल्यावर पॅकेजेस नावाचं फोल्डर तयार होतं, त्याच्या आतलं जे फोल्डर आहे तेच उचलून न्यायचं. दुसरं म्हणजे झिप उघडताना फोल्डरात फोल्डर झालं. कम्युनिटीत तुमचं फोल्डर उघडलं की पहिल्याच पायरीवर मॅनिफेस्ट आणि लेआउट दिसले पाहिजेत, आणखी एक दार उघडावं लागलं तर सिम्युलेटर तिथपर्यंत जातच नाही.

लेआउट.जेसनमध्ये पॅकेजमधल्या एकेक फाइलचं नाव, साइज आणि तारीख असते. बिल्ड झाल्यावर तुम्ही हाताने एखादं टेक्स्चर आत टाकलं आणि यादीत ते नाही, तर सिम्युलेटरच्या लेखी ते नाहीच. परत बिल्ड करा, यादी आपोआप नवी होते.

आणि कम्युनिटी फोल्डर तेच आहे का याची खात्री करा, गेम दुसऱ्या ड्राइव्हला हलवला असेल तर जुनं कम्युनिटी मागे पडून राहतं आणि आपण त्यातच टाकत बसतो. यूजरसीएफजी.ओपीटी नावाची फाइल शोधा, स्टीमवाल्यांची अ‍ॅपडेटा रोमिंगमध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर फोल्डरात, स्टोअरवाल्यांची अ‍ॅपडेटा लोकल, पॅकेजेस, त्यात मायक्रोसॉफ्ट.फ्लाइटसिम्युलेटरने सुरू होणारं लांब नाव, मग लोकलकॅश. तिच्या शेवटच्या ओळीत इन्स्टॉल्डपॅकेजेसपाथ लिहिलेला असतो, खरं कम्युनिटी त्या पत्त्याच्या आत आहे. फाइलीत काही बदलू नका, नुसती वाचा.

प्रश्न (रावेर, बारावी): दादा, माझ्याकडे एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटर आहे, त्याच्या वर्ल्डएडिटर म्हणजे वेड या सीनरीच्या टूलमध्ये काम करतो. जागा करायला गेलो आणि सीनरी_पॅक्स.आयएनआय डिलीट झाली. आमच्या केळीच्या बागा आणि बांध सगळे त्यात होते. गेलं का सगळं?

उत्तर: नाही रे, बागा शाबूत आहेत. ती आयएनआय म्हणजे कुठलं पॅक आधी वाचायचं याची यादी फक्त, एक्स-प्लेन पुढच्या वेळी चालू झालं की परत लिहून काढतं. क्रम बिघडलेला असेल, तेवढा नोटपॅडमध्ये लाव, विमानतळं वर, जमिनीचा मेश म्हणजे भूपृष्ठाचा थर सगळ्यात खाली. नाहीतर मेशखाली तुझं सगळं झाकलं जाईल आणि परत वाटेल की गेलं.

तुझं खरं काम कस्टम सीनरीतल्या तुझ्या पॅकमध्ये अर्थ.वेड.एक्सएमएल या फाइलीत आहे. शेजारी अर्थ.वेड.बॅक.एक्सएमएल पण दिसेल, ती आधीच्या सेव्हची कॉपी. या दोन्ही आज रात्रीच पेनड्राइव्हवर घे, मग जागा करायला जा.